‘ऑल रीजन’ लिहिलंय, मग चालत का नाही?

माळा आवरताना खाली आलेल्या डिस्कचं काय करायचं, असे वाचकांचे प्रश्न बरेच साचले होते. या वेळी फक्त तेच घेतो.

दादरला मराठी नाटकांच्या डीव्हीडी घेतल्या. कव्हरवर ठळक ‘ऑल रीजन’ छापलंय. इथल्या ब्लू-रे प्लेअरमध्ये घातल्या की ‘डिस्क चालवता येत नाही’ एवढंच येतं. दुकानदाराने फसवलं का? (न्यू जर्सी)

नाही, दुकानदाराला दोष देऊ नका. डीव्हीडीच्या आड दोन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात आणि ‘ऑल रीजन’ हे शब्द त्यांतल्या एकीबद्दलच बोलतात.

पहिली म्हणजे रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेअरवरच चालावी म्हणून तिच्यावर घातलेला नंबर. ही अडवणूक मुद्दाम केलेली. डीव्हीडी १९९६च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७मध्ये अमेरिकेत आली. हॉलिवूडचा सिनेमा तेव्हा अमेरिकेत आधी लागायचा आणि बाकीच्या जगात काही महिन्यांनी पोचायचा. लंडनच्या थिएटरात सिनेमा लागायच्या आतच त्याची अमेरिकन डीव्हीडी तिथल्या घरांत शिरेल, ही स्टुडिओंची धास्ती. शिवाय प्रत्येक बाजारात वेगळा भाव लावायची सोय हवी होतीच. म्हणून जगाची वाटणी केली: अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारत-रशिया आणि आफ्रिकेचा मोठा भाग ५, चीन ६. दक्षिण आफ्रिका मात्र युरोपबरोबर २मध्ये. विमानं आणि जहाजांसाठी ८ नंबर राखून ठेवला, इतका बारीक विचार! तुमच्या नाटकांवर यातलं काहीच नाही. निर्मात्याला ती परदेशातल्या मराठी घरांत जायलाच हवी होती.

दुसरी गोष्ट जुनी, आणि ती कुणी कट करून आणलेली नाही. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. दोन्हीकडच्या टीव्हीची घडण त्यावरून ठरली: आपल्याकडे पाल पद्धत, तुमच्याकडे एनटीएससी. पाल डीव्हीडीवर ५७६ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं असतात; एनटीएससीवर ४८० रेषा आणि सुमारे ३० चित्रं. भारतात विकले जाणारे प्लेअर आणि टीव्ही बहुधा दोन्ही चालवून घेतात, त्यामुळे आपल्याला हा फरक कधी जाणवतच नाही. अमेरिकेतले बरेच प्लेअर पाल डिस्क घेत नाहीत, आणि प्लेअरने घेतली तरी कित्येक टीव्ही ५० हर्ट्झचा सिग्नल नाकारतात. हिंदी सिनेमाच्या कंपन्यांनी हे फार लवकर ओळखलं. परदेशातला ग्राहक डोळ्यापुढे ठेवून त्यांनी भारतातसुद्धा एनटीएससी डिस्क विकल्या. नाटकाचं चित्रीकरण इथल्या पाल कॅमेऱ्यांवर व्हायचं आणि डिस्कही बरेचदा तशीच निघायची.

खात्री करून घ्यायची असेल तर डिस्क संगणकात घाला, व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये सुरू करा आणि कंट्रोलची कळ धरून ‘J’ ही कळ दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात चित्राचा आकार दिसेल. ७२० बाय ५७६ असेल तर पाल. आणि गंमत म्हणजे ती तिथे चालायला लागलेली असेल, कारण संगणकाला पाल-एनटीएससीशी देणंघेणं नसतं. तेव्हा सगळ्यात स्वस्त उपाय हाच: लॅपटॉपला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणि लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबल. सोफ्यावर बसून रिमोटनेच पाहायचं असेल तर पालचं एनटीएससी करून देणारा मल्टिसिस्टिम प्लेअर तिकडे मिळतो. घेताना नुसता ‘रीजन फ्री’ शब्द पाहून भुलू नका. तोही अर्धंच सांगतो.

मुलगा अमेरिकेहून ब्लू-रे पाठवतो. काही आमच्या प्लेअरवर सुरेख चालतात, काही रीजन चुकल्याचा संदेश देऊन बंद पडतात. एकाच देशातून आलेल्या डिस्कमध्ये असा भेद का? (पुणे)

ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क. तिने जगाचे तीनच भाग केले. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ‘ए’मध्ये, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया ‘बी’मध्ये, भारत, चीन, रशिया ‘सी’मध्ये. तुमचा प्लेअर भारतात घेतलेला असेल तर तो ब्लू-रेसाठी ‘सी’ आणि डीव्हीडीसाठी ५.

पण ब्लू-रेमध्ये विचारपूस डिस्क करते. डिस्कवरचा छोटासा प्रोग्राम सुरुवातीलाच प्लेअरला त्याचा भाग विचारतो आणि उत्तर पटलं नाही तर तो संदेश दाखवतो. ज्या कंपनीने हा प्रश्न डिस्कवर घातलाच नाही, तिची डिस्क कुठेही चालते, मग कव्हरवर ‘ए’ छापलेलं का असेना. म्हणून मुलाला सांगा, घेण्याआधी त्या विशिष्ट आवृत्तीची चौकशी कर. एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्यांचं वागणं वेगळं असू शकतं.

फोरके, म्हणजे ब्लू-रेच्याही पुढच्या अल्ट्रा एचडी डिस्कना मात्र रीजन नाहीच. त्या बिनधास्त मागवा, फक्त प्लेअर फोरकेवाला हवा. त्याच डब्यात साधी ब्लू-रे जोडीला असेल तर तिला ‘ए’ असू शकतो, हे लक्षात असू द्या.

मेहुण्यांच्या सामानात लाल डब्यांतल्या काही ‘एचडी डीव्हीडी’ निघाल्या. ब्लू-रे प्लेअरवर चालतील का? (नाशिक)

नाही चालणार. दिसायला सारख्या आणि दोन्हीकडे लेझरही तोच, ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा. पण ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असते, एचडी डीव्हीडीची डीव्हीडीसारखी ०.६ मिलिमीटर आत. एलजी आणि सॅमसंगने दोन्ही वाचणारे प्लेअर काढले होते, ते आता जुन्या बाजारातच सापडले तर सापडतील.

या लाल डब्यांचा इतिहास मात्र वाचण्यासारखा आहे. डीव्हीडीची जागा कोण घेणार, या लढाईत एका बाजूला सोनी आणि ब्लू-रेचं मोठं कडबोळं, दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडीवाले तोशिबा, एनईसी आणि पाठीशी मायक्रोसॉफ्ट. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ जीबी मावायचे, ब्लू-रेच्या २५. पण एचडी डीव्हीडी जुन्या डीव्हीडीच्या यंत्रसामग्रीवर थोड्याशा फेरफाराने निघायची, म्हणून स्वस्त. २००६मध्ये अमेरिकेत तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला, तर सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ला. दामदुप्पट! कागदावर पाहिलं तर तोशिबा हरायला नको होती.

सोनीने नोव्हेंबर २००६मध्ये गेम खेळायचा प्लेस्टेशन ३ काढला आणि त्यात ब्लू-रे ड्राइव्ह आयताच बसवून दिला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०ला एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागायचा. गेम खेळायला यंत्र आणलं त्या घरात ब्लू-रे न मागता शिरला. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट हा स्टुडिओ एचडी डीव्हीडीकडे गेला, नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर १०० डॉलरच्याही खाली विकला आणि पारडं फिरतंय असं वाटू लागलं. तेवढ्यात ४ जानेवारी २००८ला, लास व्हेगासच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर, दोन्ही डगरींवर पाय ठेवून असलेल्या वॉर्नर स्टुडिओने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. एचडी डीव्हीडीवाल्यांना त्या प्रदर्शनातली पत्रकार परिषद रद्द करावी लागली. पुढच्या महिन्यात तेव्हा डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही मोठी दुकानं एकेक करून सोडून गेली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचं दुकान मिटलं. २००९मध्ये तीच तोशिबा ब्लू-रेच्या गोटात दाखल झाली.

मला यातली सल वेगळीच. एचडी डीव्हीडीला रीजन कोड नव्हता. अमेरिकेत घेतलेली डिस्क इथे निमूटपणे चालली असती आणि पुण्याच्या वाचकांना वर लिहिला तो प्रश्न पडलाच नसता. जागा जास्त, चित्र उत्तम, हे ब्लू-रेचे गुण मला मान्य आहेत. पण जिंकली ती अडवणूक करणारी पद्धत, आणि त्या निकालात गिऱ्हाइकाला कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या डिस्क उलटून पाहा. काही ‘कॉम्बो’ असतात: एका बाजूला एचडी डीव्हीडी, दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी. ती डीव्हीडीची बाजू रीजन १ चालवणाऱ्या प्लेअरवर दिसेल. बाकीच्यांची किंमत संग्राहकांपुरतीच.

प्लेअरवरचं रीजनचं बंधन काढून घेणं बेकायदा आहे का? (मेलबर्न)

तुमच्याकडे तर कायदाच ग्राहकाच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियाने २००६च्या कॉपीराइट दुरुस्तीत, केवळ बाजाराची भौगोलिक वाटणी करणाऱ्या उपायांना कायद्याच्या संरक्षणातून वगळलं. भारतात २०१२च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए आहे. तांत्रिक संरक्षण तोडण्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. विकत घेतलेली डिस्क आपल्याच दिवाणखान्यात पाहण्यात तो हेतू कुठून येणार? अर्थात मी वकील नाही, आणि प्रती काढून वाटणाऱ्यांनी माझं हे उत्तर पुढे करू नये.

लॅपटॉप सांगतोय की रीजन आता एकदाच बदलता येईल. विंडोज नव्याने टाकलं तर मोजणी पुन्हा सुरू होईल का? (नागपूर)

होणार नाही. ही मोजणी विंडोजमध्ये नसते, ड्राइव्हच्या आतच असते. २०००पासूनच्या ड्राइव्हना पाचच बदल दिलेले आहेत. पाचव्या वेळी जो रीजन निवडाल तो कायमचा. तेव्हा शेवटची संधी ५ या रीजनसाठी ठेवा आणि परदेशी डिस्कसाठी दुसरा यूएसबी ड्राइव्ह घेऊन टाका. त्याआधी व्हीएलसीत चालवून बघा. कित्येक ड्राइव्हवर ते रीजन न विचारताच डिस्क उघडतं.

व्हीसीडींनाही रीजन असतो का? आमच्याकडे दोन खोकी भरून आहेत आणि नवा प्लेअर त्या घेत नाही. (कोल्हापूर)

व्हीसीडीला रीजन नाही, कुलूपही नाही. १९९३ची ही पद्धत. चित्र ३५२ बाय २८८, म्हणून मोठ्या टीव्हीवर मेण वितळल्यासारखं दिसतं. पण आपल्याकडे घराघरांत सिनेमा नेला तो हिनेच. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा फुटपाथवरच्या चोरट्या मालालाही घाम फुटला असेल.

नव्या यंत्रांपैकी अनेकांनी व्हीसीडी सोडून दिली आहे. प्लेस्टेशन ५ तर साधी सीडीही घेत नाही. संगणकात डिस्क उघडा. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसेल आणि त्यात ‘डॅट’ शेपटीची एक मोठी फाइल. ती उचलून हार्ड डिस्कवर ठेवा, व्हीएलसी ती जशीच्या तशी चालवतं. सिनेमा दोन-तीन डिस्कवर असेल तर फाइलींची नावं सगळीकडे सारखीच निघतात, म्हणून उतरवतानाच प्रत्येकीला नाव आणि नंबर द्या, नाहीतर एकीवर दुसरी बसेल.

एखादी अडकत अडकत चालत असेल तर खालची चकचकीत बाजू पुसत बसण्याआधी ती उजेडासमोर धरा. सीडी-व्हीसीडीचा माहितीचा थर वरच्या छापील बाजूला, रंगाच्या लगेच खाली असतो. त्यात टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढा भाग गेला. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिला वरचा ओरखडा सहसा बाधत नाही. व्हीसीडीवर बॉलपेनने नाव लिहू नका आणि चिकटवलेली लेबलं ओढून काढू नका, लेबलाबरोबर सिनेमाही निघून येतो.