आधी स्वतःचं लिही, मग त्याला विचार

अगं,

रविवारी तू आलीस आणि शेव-उसळ अर्धी टाकलीस तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय. जाताना चपला घालता घालता म्हणालीस, सर, चॅटजीपीटीचा लेसन प्लॅन माझ्यापेक्षा चांगला आहे, मग मी वर्गात उभी कशाला राहू? मी हसण्यावारी नेलं. चुकलंच माझं. चार दिवस झाले, अख्ख्या दांडिया बाजारात भाजी घेत फिरतोय आणि डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेला प्लॅन वाचला. चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. अपूर्णांकांची बेरीज, पिझ्झाचे तुकडे (तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी पिझ्झा होर्डिंगवरच बघितला असेल, पण असो), रंगीत कागद, वर्कशीट, शेवटी पाच प्रश्न. चॅटजीपीटीने ढीगभर मजकूर पचवलाय, पुढे कुठला शब्द बसेल ते जुळवत जुळवत नीटस काहीतरी लिहून देतो. पण तुझी सहावी ब त्याने कुठे वाचलीय? आणि आता खरं सांग, स्वतःचा प्लॅन आधी लिहिला होतास का? नव्हतास, मी ओळखतो तुला. मग "माझ्यापेक्षा चांगला" हे कशावरून ठरवलंस? तुझा तर झालाच नव्हता! आधी स्वतःचं लिही, मग त्याला विचार. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण पत्र लांबणार, कारण यात माझंही काहीतरी अडकलंय.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका मुलाने 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं. मी लाल फुली मारली, कानही पिरगाळला. तो "सर पण मॅचमध्ये..." असं काहीतरी सांगत होता, मी म्हटलं बस खाली, लसावि काढ. पुढे दहाएक वर्षांनी पोलो ग्राउंडवरून चाललो होतो, पोरं हिशोब करत होती, आधी दोनातली एक जिंकलो, मग तीनातली एक, म्हणजे पाचात दोन. मी तिथेच थांबलो. तो पोरगा हेच सांगत होता गं! त्याची बेरीज त्याच्या जागी बरोबर होती, फक्त त्याच्याकडे "पूर्ण" दोन वेगवेगळे होते, एक दोन मॅचचा, एक तीन मॅचचा, आणि माझ्या गणितात पूर्ण एकच होता. अपूर्णांकाचं मर्म ते, आणि मी इतकी वर्षं नुसता लसावि घोटवून घेत होतो. त्या मुलाचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही, याची लाज वाटते.

काल रात्री मुद्दाम मशीनला विचारलं, मुलं 2/5 का लिहितात? दहा सेकंदात सांगितलं, खेळाच्या उदाहरणासकट. मला दहा वर्षं लागलेली गोष्ट. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर लक्षात आलं की मला "का लिहितात" हे विचारता आलं, कारण ती चूक मी डोळ्यांनी बघितली होती. तो पोरगा आज असता तर नुसतं गणित टाईप केलं असतं, 5/6 मिळालं असतं, वहीत उतरवून खेळायला गेला असता. वहीत चूक नाही आणि डोक्यात मात्र ती तशीच. तुला कधी कळलंही नसतं.

तुर्कस्तानात 2024 च्या सुमारास साधारण हजारेक हायस्कूलच्या मुलांवर प्रयोग झाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी केलेला. नुसता चॅटबॉट दिलेल्या मुलांनी सरावाची गणितं 48 टक्के जास्त चांगली सोडवली, आणि परीक्षेत तो काढून घेतल्यावर ज्यांना कधी दिलाच नव्हता त्यांच्याहून 17 टक्के मागे पडली. आपण कमी शिकलोय हेही त्यांना जाणवलं नाही. दुसऱ्या एका गटाला फक्त हिंट देणारा बॉट दिला, तिथे हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. आणि त्या बॉटला मुलं कुठे चुकतात, कशी हिंट द्यायची हे कोणी पुरवलं होतं? शिक्षकांनी! आता परत विचार मला, मी कशाला उभी राहू म्हणून.

बुद्धिबळातल्या गुकेशचंच बघ ना. कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोवला 1997 मध्येच हरवलं, तरी ह्या पोराला त्याच्या कोचने सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनला, म्हणजे चाली सांगणाऱ्या कॉम्प्युटरला, हात लावू दिला नाही. आधी तू मोज, तू चूक. इंजिन आलं, पण नंतर. 2024 मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. म्हणजे मी मशीनच्या विरुद्ध आहे असं अजिबात समजू नकोस, मी क्रमाबद्दल बोलतोय. आधी स्वतःचं, मग त्याचं. कितीदा सांगू?

तू मनात म्हणशील, सर जुन्या वळणाचे. म्हण. पण मीही सात वर्षं एका क्लासमध्ये नोट्स डिक्टेट केल्यात, घराचे हप्ते होते, रिझल्ट झकास लागायचे, पालक पेढे आणून द्यायचे. त्या मुलांचा चॅटजीपीटी मीच होतो, फक्त फी जास्त. एका मुलीने एकदा विचारलं, सर हे उत्तर मी माझ्या शब्दांत लिहू का? मी म्हटलं, रिस्क नको घेऊस. हे वाक्य अजून टोचतं मला. पुढे क्लास सोडला, बायको अजून ऐकवते की चालू धंद्याला लाथ मारली, आणि पैशांच्या हिशोबाने तिचं बरोबरच आहे. पण त्यानंतर माझ्या वर्गात उत्तराआधी पाच मिनिटं कोऱ्या वहीची असायची, इन्स्पेक्शनला साहेब मागे बसलेले असले तरी. तक्रारी आल्या, पोर्शन मागे राहतो म्हणून. राहिला. मी चुकीचा नव्हतो, आणि असलोच तर आता बदलायचं वय नाही.

आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड व्हायचा. पोरं बाकावर आली. त्यांना डोकं चालवायला लावायचं काम मात्र मास्तरवरच राहिलं, आणि मास्तरने कितीतरी वर्षं गाईडवर ढकललं, आता फोनवर ढकलतोय. मी पण त्यातलाच, म्हणून तर एवढा चिडतोय.

सोमवारी एवढंच कर. 1/2 + 1/3 फळ्यावर लिही, काही शिकवू नकोस, फोन नाही, प्रत्येकाने उत्तर आणि "मी असं का केलं" ही एक ओळ लिहायची. फिरत रहा, वाचत रहा, बोलू नकोस (हे तुला जड जाईल). घरी येऊन स्वतःचा प्लॅन लिही, कितीही भिकार होऊ दे. मग खुशाल मशीनला दाखव, माझ्या वर्गात अमुक मुलं असं म्हणाली, पुढे काय करू म्हणून विचार. बघ तेव्हा ते किती कामाचं वाटतं.

आणि पुढच्या रविवारी वह्या घेऊन ये. बरोबरवाल्या घरीच ठेव, चुकलेल्या आण. शेव-उसळ मागवतो, या वेळी कमी तिखट.

तुझा,
सर