अमेरिकेतल्या एका राज्याची ‘जनरल इलेक्शन’: सार्वत्रिक, मुख्य की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याबद्दलच्या एका मराठी मजकुरात ‘नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत निकाल न लागल्याने जानेवारीत फेरमतदान घ्यावे लागले’ असे वाक्य आहे. एकट्या राज्याची निवडणूक सार्वत्रिक कशी? आणि फेरमतदान का, तिथे काही गैरप्रकार झाला होता का?

पहिली शंका लवकर मिटते. ‘सार्वत्रिक’ म्हटले की आपल्याला लोकसभा आठवते, पण शब्दाला देशाची हद्द नाही. महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक सार्वत्रिकच असते. राज्य निवडणूक आयोगाच्या कागदपत्रांत नगरपरिषदांच्या आणि ग्रामपंचायतींच्याही सार्वत्रिक निवडणुका सापडतात. मुदत संपली की सभागृहाच्या सगळ्या जागांसाठी होते ती सार्वत्रिक आणि मधेच रिकामी झालेली जागा भरायला होते ती पोटनिवडणूक. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ ‘पोटनिवडणूक’ या जोडीदारामुळे ठरतो.

अमेरिकेत जोडीदार बदलतो. तिथल्या ‘जनरल’च्या समोर बहुतेक वेळा ‘प्रायमरी’ उभी असते. प्रायमरीत पक्षाचा उमेदवार ठरतो. नोव्हेंबरमधल्या ‘जनरल’मध्ये वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार एकमेकांसमोर येतात आणि कोणत्याही पक्षाचे मतदार असोत, सगळे एकाच मतपत्रिकेवर मत देतात. म्हणजे इथे ‘जनरल’चा रोख ‘सर्व जागा’ हा नसून ‘सर्व पक्ष, सर्व मतदार’ हा आहे. सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, बाबतीत तर सगळ्या जागा एकदम कधीच भरल्या जात नाहीत, दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश भरतात. म्हणून प्रायमरीशी तुलना चालू असेल तिथे मी ‘मुख्य निवडणूक’ लिहावे असे सुचवेन. वाचकाला लगेच कळते की याआधी एक टप्पा होऊन गेला आहे.

त्या आधीच्या टप्प्याला मात्र मराठी नाव देणे अवघड आहे. ‘प्राथमिक निवडणूक’ बऱ्यापैकी रूढ आहे. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ मला पटत नाही, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ पक्षाच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक असा होतो. शिवाय जॉर्जियात मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावाच लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते मतदार ठरवतो आणि मतदान सरकारी यंत्रणाच घेते. आपल्याकडे पक्षाचे नेते एबी फॉर्म देऊन जे ठरवतात ते तिथे सामान्य मतदार ठरवतात. इतका मूलभूत फरक असताना ‘प्रायमरी’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात ‘उमेदवार ठरवणारी निवडणूक’ असे सांगणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आता जॉर्जियाचे २०२० साल. त्या वर्षी ३ नोव्हेंबरला एकाच राज्यात एकाच दिवशी सिनेटच्या दोन जागांसाठी मतदान झाले आणि दोन्ही जागांना वेगळा शब्द लागतो. रिपब्लिकन सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांची मुदत संपत होती. जूनच्या प्रायमरीनंतर त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन ऑसॉफ उभे राहिले. ही मुख्य निवडणूक. दुसरी जागा सिनेटर जॉनी आयझॅकसन यांनी प्रकृतीच्या कारणाने मधेच सोडली होती आणि तिच्यावर गव्हर्नर (राज्याचे लोकनियुक्त प्रमुख) ब्रायन केम्प यांनी रिपब्लिकन पक्षाच्या केली लोफ्लर यांची नेमणूक केली होती. उरलेल्या मुदतीसाठी झालेल्या मतदानाला तिथे ‘स्पेशल इलेक्शन’ म्हणतात. त्याचे ‘विशेष निवडणूक’ कशाला करायचे? ‘पोटनिवडणूक’ हा आपला घरचा शब्द तिथे चपखल बसतो. या पोटनिवडणुकीला प्रायमरी नव्हतीच. दोन्ही मोठ्या पक्षांचे अनेक जण एकाच मतपत्रिकेवर होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे राफाएल वॉरनॉक सुमारे ३३ टक्के मते घेऊन पहिले आले आणि लोफ्लर दुसऱ्या.

यावरून आपण दुसऱ्या शंकेकडे येतो, आणि इथे मराठीकडे दोन फार उपयोगी शब्द आहेत: ‘मताधिक्य’ आणि ‘बहुमत’. भारतात उमेदवार मताधिक्यावर निवडून येतो. सर्वांत जास्त मते मिळाली की पुरे, मग ती ३० टक्के का असेनात. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतही तसेच आहे. जॉर्जियात मात्र बहुमत लागते, म्हणजे निम्म्याहून अधिक मते. पर्ड्यू ऑसॉफ यांच्यापेक्षा सुमारे ८८ हजार मतांनी पुढे होते, पण ४९.७ टक्क्यांवर अडकले, कारण लिबर्टेरियन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराने दोन टक्क्यांहून थोडी अधिक मते घेतली होती. त्यांना मताधिक्य होते, बहुमत नव्हते. म्हणून दोन्ही जागांसाठी पहिल्या दोघांमध्ये ५ जानेवारी २०२१ ला पुन्हा लढत झाली. ऑसॉफ आणि वॉरनॉक जिंकले, सिनेटमध्ये दोन्ही बाजूंची पन्नास-पन्नास अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे निर्णायक मत मोलाचे ठरले.

या जानेवारीच्या मतदानाला ‘फेरमतदान’ म्हणणे चूकच आहे. आपल्याकडे फेरमतदान होते ते यंत्र बिघडले किंवा केंद्र बळकावले गेले म्हणून आधीचे मतदान रद्द केल्यावर. प्रश्नकर्त्याला गैरप्रकाराची शंका आली ती या शब्दामुळेच आणि त्यात त्यांचा दोष नाही. जॉर्जियात नोव्हेंबरचे मतदान पूर्ण वैध होते, त्याच निकालाच्या आधारे पुढची लढत ठरली. ‘फेरनिवडणूक’ही नको, त्यातही आधीची रद्द झाल्याचा वास आहे. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी आपण ‘दुसरी फेरी’ म्हणतो, तेच इथे लिहावे. मूळ वाक्य मग असे होईल: ‘नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कोणालाही बहुमत न मिळाल्याने जानेवारीत दुसरी फेरी झाली.’

बहुमताच्या या अटीला मोठा इतिहास आहे आणि तो मताधिक्य-बहुमत या भेदावाचून सांगताच येत नाही. १९६६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे बो कॅलवे यांना मताधिक्य मिळाले, बहुमत नाही. तेव्हाच्या राज्यघटनेनुसार निर्णय राज्याच्या विधिमंडळाकडे गेला. तिथे डेमोक्रॅट्सचे वर्चस्व होते आणि त्यांनी मागे असलेल्या लेस्टर मॅडॉक्स यांना गव्हर्नर केले. १९९२ मध्ये सिनेटर वाइश फाउलर नोव्हेंबरात पुढे होते, दुसऱ्या फेरीत हरले. त्यानंतर त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली आणि १९९६ मध्ये मॅक्स क्लिलंड निम्म्याहून कमी मते मिळूनही थेट निवडून आले. पुढे रिपब्लिकन पक्षाची सत्ता आल्यावर अट पुन्हा निम्म्यावर गेली. २०२१ च्या कायद्याने दोन फेऱ्यांमधले अंतर नऊ आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणले, त्यामुळे २०२२ मध्ये वॉरनॉक आणि हर्शल वॉकर यांची दुसरी फेरी ६ डिसेंबरलाच झाली.

२०२२ वरून आणखी एक शब्द आठवतो: ‘मध्यावधी’. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हणजे सभागृह मुदतीआधी बरखास्त होऊन झालेली, १९७१ किंवा १९८० च्या लोकसभेसारखी. अमेरिकेतली ‘मध्यावधी’ वेळापत्रकाप्रमाणेच होते, फक्त ती अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मध्यावर येते. शब्द आता इतका रुळला आहे की बदलणे कठीण, पण पहिल्या उल्लेखात ‘अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणारी नियमित निवडणूक’ इतके तरी लिहावे.

जॉर्जियाबद्दल भाषांतर करणाऱ्यांना शेवटची विनंती ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’विषयी. केंद्र सरकारात हे पद परराष्ट्रमंत्र्याचे आहे. जॉर्जियात ते लोकांनी निवडून दिलेल्या अधिकाऱ्याचे आहे आणि निवडणुकांवर देखरेख हे त्याचे एक प्रमुख काम आहे. २ जानेवारी २०२१ ला जॉर्जियात अध्यक्षपदाची लढत हरलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी ११,७८० मते शोधा असे ज्यांना फोनवर सांगितले ते ब्रॅड रॅफेन्सपर्गर याच पदावर होते. त्यांना ‘परराष्ट्रमंत्री’ म्हटले तर त्या फोनचा अर्थच लागणार नाही, ‘राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी’ म्हटले तर लागतो.