लोड संपला की स्टॅट्स घ्या

प्रश्न: आमच्या ऑरॅकल डेटाबेसमध्ये व्यवहारांचं ६० कोटी ओळींचं टेबल आहे, महिन्यावार पार्टिशन (वेगवेगळे भाग) केलेलं. रोज पहाटे साधारण ८ लाख ओळी भरल्या जातात. रात्री अख्ख्या टेबलाच्या १०० टक्के स्टॅट्स (किती ओळी, कोणती मूल्यं याची आकडेवारी) सगळ्या ओळी वाचून घेतो, पण जॉब सकाळपर्यंत रेंगाळतो. आठवड्यातून एकदाच घेतल्या तर चालेल का?

उत्तर: नाही. वार ठरवण्याआधी डेटा कधी भरला जातो ते बघा. माझ्याकडे असंच एक टेबल होतं. महिनाअखेरीला नवं पार्टिशन तयार व्हायचं आणि रात्री १० चा जॉब त्याच्या स्टॅट्स घेऊन मोकळा व्हायचा. तेव्हा आत एकही ओळ नसायची! डेटाचा लोड पहाटे ३ ला. सहाच्या ताळमेळाच्या क्वेरीचा प्लॅन (ती कशी चालवायची याचा ऑरॅकलने आखलेला मार्ग) उघडला, तर अंदाज १ ओळीचा आणि प्रत्यक्षात ७ लाख. एकच ओळ येणार म्हणून ऑप्टिमायझरने, म्हणजे स्टॅट्स बघून प्लॅन ठरवणाऱ्या ऑरॅकलच्या भागाने, नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोधायची, थोड्या ओळींनाच परवडणारी पद्धत) निवडला होता. वीस मिनिटांचा अहवाल दुपारपर्यंत चालला. दर महिन्याच्या १ तारखेला हेच व्हायचं, आणि आम्ही डिस्कला दोष देत बसलो होतो.

म्हणून स्टॅट्सचा जॉब घड्याळाला बांधू नका, लोडच्या शेवटच्या पायरीला जोडा, आणि फक्त चालू पार्टिशनपुरता. इन्क्रिमेंटल ही सेटिंग चालू केलीत की टेबलाच्या एकूण स्टॅट्स पार्टिशनच्या सारांशांवरून तयार होतात, जुने महिने पुन्हा वाचावे लागत नाहीत. त्यासाठी १०० टक्के सोडून नमुना ऑटो सँपल साइझवर (ऑरॅकलच ठरवेल तसा) ठेवावा लागतो. ते कराच, अचूकता जवळपास तेवढीच मिळते आणि वेळ खूप वाचतो. नवं पार्टिशन रिकामं असताना आदल्या महिन्याच्या स्टॅट्स त्यावर कॉपी करून ठेवा.

सगळं ऑरॅकलच्या, स्वतःहून स्टॅट्स घेणाऱ्या ऑटो जॉबवर सोडू नका. तो स्टॅट्स पुन्हा घेतो त्याची मूळ मर्यादा १० टक्के बदलांची, म्हणजे अख्ख्या टेबलाच्या हिशेबाने ६ कोटी ओळी. तुमच्या वेगाने ७५ दिवस लागतील.

आणखी एक, इथे बरेच जण फसतात. स्टॅट्स नव्या झाल्या तरी मेमरीतला जुना प्लॅन लगेच जात नाही, काही तास तोच चालू राहू शकतो. अहवाल लोडनंतर लगेच असेल तर नो इनव्हॅलिडेट हा पॅरामीटर फॉल्स द्या. प्लॅन बिघडलाच तर घाबरू नका: जुन्या स्टॅट्स मुळात ३१ दिवस जपलेल्या असतात, त्या परत आणता येतात.