कायद्याची बैठक आणि कवाईत

एका वाचकाचा प्रश्न: प्राथमिक आरोग्यसेवेबद्दल लिहिताना 'कायदा', 'धोरण' आणि 'जाहीरनामा' हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

मुळीच नाही. तरी 'अल्मा-आटाच्या कायद्यानुसार' असं कानावर पडतंच! १९७८ साली अल्मा-आटाला (आजच्या कझाकस्तानातलं अल्माटी) प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निघाला तो जाहीरनामा. तो मोडला म्हणून कोणाला कोर्टात खेचता येत नाही. धोरणाचंही तेच; सरकार बदललं की गुंडाळता येतं.

आता कायदा. मूळ अरबी 'काइदा', 'बसणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला. म्हणजे बैठक, पाया, इमारतीचं जोतं. उर्दूत मुलांच्या अक्षरओळखीच्या पुस्तकालाही 'कायदा'च म्हणतात. थोडक्यात, 'प्राथमिक' हा अर्थ या शब्दाच्या पोटातच आहे! आणि खरी गंमत पुढे: काइदाचं अरबी अनेकवचन 'कवाइद', म्हणजे आपली शाळेतली 'कवाईत'. नियम एक असला तर पाया, ढीगभर झाले की डावा-उजवा, डावा-उजवा.

सावरकरांनी कायद्याला 'निर्बंध' सुचवला. भाषाशुद्धीवाले अजून तो मिरवतात. मला तो साफ नामंजूर. निर्बंध फक्त अडवतो. आरोग्याचा कायदा उभं राहायला जागा देतो. 'निर्बंध सरकारवर असतो' हा युक्तिवाद मी ऐकलाय. पटलेला नाही.

ब्राझील पाहा. १९८८ च्या राज्यघटनेत आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्यसंस्थेचं कर्तव्य ठरलं, १९९० मध्ये सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा कायदा झाला, आणि घरोघरी जाणाऱ्या कुटुंब-आरोग्य पथकांचा कार्यक्रम आला १९९४ मध्ये. आधी जोतं, मग भिंती. याला म्हणतात काइदा.

नायजेरियात कवाईत झाली. तिथल्या २०१४ च्या आरोग्य कायद्याने केंद्रीय महसुलाचा किमान १ टक्का मूलभूत आरोग्यसेवेच्या निधीसाठी राखला. अर्थसंकल्पात तो पैसा पहिल्यांदा दिसला २०१८ मध्ये. तोवर जागच्या जागी कदमताल. कलम पक्कं होतं, पण पैसे कोणत्या तारखेला द्यायचेच हे सरकारच्या गळ्यात बांधलं नसेल तर पाय हलतात, माणूस तिथंच.

'जाहीरनामा' राहिलाच. जाहीर अरबी, नामा फारसी. उघड केलेला कागद, बस.