गुलाबी दिसलं की कोलॅजन म्हणू नकोस

खानापूरहून रोज बसने येतोस, दमतोस, ते दिसतं रे. पण काल हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या, म्हणजे नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाच्या स्लाइडवरच ऊतीतले तंतू ओळखायला बसलास, तिथं फसलास. त्यात कोलॅजन (बळकटी देणारे तंतू) गुलाबी, स्नायूही गुलाबी, इलॅस्टिकही (ताणले जाणारे तंतू) जवळपास तसंच.

इलॅस्टिकला व्हरहॉफचा काळा रंग लाव. आधी सगळंच काळंकुट्ट होतं. मग २ टक्के फेरिक क्लोराइडने रंग उतरवायचा. खरी कसोटी इथंच. घड्याळ बघू नकोस, ओली स्लाइडच मायक्रोस्कोपखाली धर. तंतू काळे नि मागचं करडं झालं की थांब. जास्त उतरला तर पुन्हा रंगवता येतं, मात्र अल्कोहोलमध्ये बुडवण्याआधीच. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी बुडवून बसलो होतो, अख्खी रॅक वाया!

नंतर त्याच स्लाइडवर व्हॅन गीसनचा रंग: कोलॅजन लाल, स्नायू पिवळा. पाण्यात रेंगाळू नकोस, पिवळा धुऊन जातो.

रेटिक्युलिनला, म्हणजे बारीक जाळीदार तंतूंना, चांदीचा रंग; काचसामान अगदी स्वच्छ हवं.

आणि सोबत कंट्रोल, म्हणजे रंग नीट बसला का ते पडताळायची स्लाइड, हवाच. इलॅस्टिकसाठी महाधमनीचा छेद घे. तिच्या भिंतीतल्या नागमोडी काळ्या रेघा एकदा नीट बघ, मग त्वचेतले इलॅस्टिकचे बारीक तुकडेही ओळखशील.