थेंब नाही, तरी 0.6 मिमी?

भाऊ, तुझ्या गच्चीवरच्या हवामान केंद्राचे आकडे पाहिले. आभाळातून थेंब नाही आणि पर्जन्यमापक म्हणतोय 0.6 मिमी! यंत्र बिघडलेलं नाही. आत छोटं झुलतं भांडं असतं. ते कलंडलं की चुंबकामुळे एक स्विच क्षणभर जुळतो आणि 0.2 मिमीची नोंद होते. तू गच्चीवरून खालच्या खोलीपर्यंत वीस मीटर साधी वायर ओढलीस, म्हणजे अँटेनाच झाली की ती. वीज जरा लांब पडली तरी तिच्यात क्षणिक झटका उमटतो, यंत्राला वाटतं भांडं कलंडलं. तीनदा चमकलं, तीन नोंदी.

माझ्या औशाकडच्या शेतात मे महिन्याच्या वळवात विजा चमकल्या आणि आर्द्रतेचा आकडा रात्रभर 100 टक्क्यांवर अडकला होता. नवा सेन्सर मागवणारच होतो. सकाळी बंद करून चालू केलं, झालं बरं. तूही आधी तेच कर.

वायर आखूड कर, शिल्डवाली (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घे, शिल्ड एकाच टोकाला अर्थ कर. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे असा झटका अडवणारं उपकरण, लाव. अर्थिंगचाच आपल्याकडे खरा वांधा: उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, रॉडला माती धरतच नाही. एप्रिलपासून रॉडच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. वीज थेट खांबावर पडली तर यातलं काहीच कामाला येत नाही, ते सोड.

गडगडत असताना गच्चीवर मात्र चढू नकोस, खाली बसून विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप बघ. आणि खोट्या नोंदी खोडू नकोस. त्यांच्या शेजारी विजेची वेळ लिहून ठेव.