टेक्निकल मदत मागितली की काहीजण नुसते टोमणे मारतात, काय करावं?

टोमण्याला उत्तर देऊच नका, अनुभवावरून सांगतोय. सांगलीत विश्रामबागला माझं छोटं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) टाकलं आणि वायफायच दिसेना, ग्रुपवर विचारलं तर एकजण म्हणतो "गुगल बंद पडलंय का?" आणि खाली चार हसणारे इमोजी. लागलं हो मनाला. पण भांडत बसलो नाही, एलएसपीसीआय कमांडचं आउटपुट (त्यात कार्डाचं मॉडेल कळतं), लिनक्सचं व्हर्जन आणि काय काय करून बघितलं ते सगळं एकाच मेसेजात टाकलं. तासाभरात दुसऱ्याच एका भल्या माणसानं सांगितलं, ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागेल, मोबाईल यूएसबीनं जोडून तात्पुरतं नेट घ्या. झालं चालू!

रोजच खवचटपणा करणारा असेल तर स्क्रीनशॉट काढून ॲडमिनला पर्सनलवर पाठवा. "इथं असंच चालतं" म्हणाले तर सांगा की लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनीसुद्धा सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या उद्धट ईमेलबद्दल जाहीर माफी मागितली होती आणि त्याच महिन्यात कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामासाठी नवीन आचारसंहिता आली.